गेय नाटकाचा कर्ता कोण?

लहानशा दालनात, मोजक्या श्रोत्यांपुढे, एक-दोन गायकांनी व थोड्या वादकांनी सादर करावयाच्या गेय नाटकाला पाश्चात्त्य समीक्षेत 'चेंबर ऑपेरा' असे नाव आहे. मराठीत त्याला नेमके नाव नाही. 'संगीतिका' हा शब्द आकाशवाणीने रूढ केला खरा. मंगेश पाडगावकरांची 'बिल्हण' आणि तिला पु. ल. देशपांडे यांनी दिलेले संगीत जुन्या श्रोत्यांच्या स्मरणात आहे. परंतु ती संगीतिका केवळ कानांसाठी होती; रंगमंचाशी तिला कर्तव्य नव्हते. 'संगीत नाटक' म्हणावे, तर त्या शब्दावर किर्लोस्कर-देवलांचा असा काही पक्का हक्क बसला आहे, की त्यात दुसरे काही मावत नाही. ज्या गोष्टीला शब्द नाही ती गोष्टच नाही, असे मानण्याची आपल्या समीक्षेला सवय आहे, आणि या सवयीपायी मराठी नाटकाच्या इतिहासाचे एक मोठे दालन बंद राहिले आहे.

त्या दालनाकडे वळण्याचे निमित्त आजच्या बंगळूरने पुरविले. २०१३ मध्ये तेथील कन्नड भावगीतगायिका व अभिनेत्री एम. डी. पल्लवी यांनी 'सी शार्प सी ब्लंट' हा एकपात्री गेय प्रयोग उभा केला. दिग्दर्शिका जर्मन, सोफिया श्टेप्फ; संहितेत मराठी नाटककार इरावती कर्णिक यांचा हात; आणि गाण्याच्या जोडीला विद्युत्-ध्वनी. नायिका शिल्पा ही स्त्री नसून मोबाइलवरचे गाणारे अ‍ॅप आहे. तिला हवे तसे वाकवावे, हवे ते गाऊन घ्यावे, अशी तिची योजना. गाणारी बाई म्हणजे इतरांनी चालवावयाचे यंत्र, हा विचार या प्रयोगात थट्टेच्या अंगाने येतो. पण थट्टा जिव्हारी लागणारी आहे. दुसरे उदाहरण याच्या एक वर्ष आधीचे. बंगळूरनिवासी गिरीश कार्नाड यांच्या 'अग्नि मत्तु मळे' या नाटकावर वनराज भाटिया यांनी पाश्चात्त्य धर्तीचा 'अग्निवर्षा' हा ऑपेरा रचला. त्याचा काही भाग २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रंगभूमीवर आला, तो ज्युडिथ केलॉक या सोप्रानो गायिकेच्या पुढाकाराने. सोप्रानो म्हणजे स्त्रीकंठातील सर्वांत उंच पट्टीचा आवाज.

अशा प्रयोगांविषयी आपल्याकडे दोन गोष्टी हटकून बोलल्या जातात. एक, हा प्रकार आयात केलेला आहे. दुसरी, यात नेमका कर्ता कोण ते कळत नाही. पैकी पहिलीचे निराकरण इतिहासाने सहज होते. दुसरी मात्र इतिहासालाच अडचणीत आणणारी आहे, कारण ज्यांना आपण निश्चितपणे कर्ते समजत आलो त्यांच्याविषयीही तोच प्रश्न उभा राहतो.

इ. स. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या विजापुरी फौजेने केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. १६६४ मध्ये होदिगेरे येथे शिकारीत मृत्यू येईपर्यंत शहाजीराजांचे मुख्य ठाणे कर्नाटकातच होते. या दरबाराचे वाङ्मयीन चित्र जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू' या संस्कृत ग्रंथात उमटले आहे. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये तो विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. राजवाड्यांना त्यात भोसल्यांच्या पराक्रमाचे पुरावे हवे होते आणि ते त्यांनी हिरिरीने वेचले. वाङ्मयाच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र दुसरीकडे जाते. नाशिककडून आलेला हा कवी राजापुढे बारा नारळ ठेवतो. बारा भाषांत आपल्याला कविता करता येते, हे सांगण्याची ती रीत. ग्रंथाचा पहिला भाग राधाकृष्णांचा शृंगार संस्कृतात गातो. शेवटाकडे मात्र दरबारातील कवींच्या समस्यापूर्ती येऊ लागतात आणि संस्कृतच्या भिंती कोसळून देशभाषांची एकच झुंबड उडते. ग्रंथाची रचना म्हणून हे बेढब आहे. तरीही एक गोष्ट त्यातून निर्विवाद कळते. बंगळूरच्या त्या दरबारात भाषांचे वैविध्य ही अडचण नव्हती, ती करमणूक होती. एका बैठकीत अनेक भाषा कानी पडणे यातच तेथील श्रोत्यांचा रस होता.

या दरबारात वाढलेला शहाजीराजांचा पुत्र व्यंकोजी १६७६ च्या सुमारास तंजावरचा राजा झाला. पुढे १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर घेतले आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयराकडे गेले. भोसल्यांचा बंगळूरशी संबंध तेथे संपला. पण बंगळूरात लागलेली बहुभाषिकतेची गोडी व्यंकोजीबरोबर दक्षिणेस गेली. त्याच्या नावावर तेलुगूत द्विपदी रामायण आहे. आणि तंजावरात त्याच्यापुढे आधीच एक भरलेला रंगमंच उभा होता.

येथे थोडे थांबले पाहिजे. तंजावरच्या मराठी राजांनी गेय नाटक शून्यातून निर्माण केले नाही. त्यांच्या आधीच्या नायक राजांच्या दरबारी यक्षगान नाटके होत. ती तेलुगूत असत आणि आरंभापासून अखेरपर्यंत गाऊन, नाचून दाखविली जात. १६७३ मध्ये मारला गेलेला शेवटचा नायक राजा विजयराघव याच्या दरबारी पसुपुलेटि रंगाजम्मा नावाची विदुषी होती. राजाच्याच प्रणयावर तिने रचलेले 'मन्नारुदासविलास' हे नाटक आजही उपलब्ध आहे. तिच्या थोडे आधी, १६२५ मध्ये, फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारी फ्रांचेस्का कॅचिनी या गायिकेने रचलेला ऑपेरा सादर झाला. स्त्रीने रचलेला पहिला ज्ञात ऑपेरा म्हणून पाश्चात्त्य इतिहासकार त्याचा गौरवाने उल्लेख करतात. माँटेव्हर्दीचा 'ऑर्फेओ' मांतुआच्या राजवाड्यात १६०७ मध्ये झाला होता. म्हणजे इटलीत आणि कावेरीतीरी एकाच शतकात, एकमेकांची वार्ताही नसताना, राजवाड्याच्या दालनात गेय नाटक बहरत होते, आणि दोन्हीकडे एकेक स्त्री त्याची रचनाकार होती. फ्रांचेस्काचे नाव संगीताच्या कोशात आहे. रंगाजम्मेचे नाव तेलुगू वाङ्मयाच्या अभ्यासकांबाहेर किती जणांना ठाऊक असेल?

व्यंकोजीचा पुत्र शहाजी १६८४ मध्ये गादीवर आला. त्याच्या नावावर तेलुगू व मराठी गेय नाटकांचा मोठा संभार आहे. मराठी नाटकेच वीसच्या आसपास भरतात. त्यांतील 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे सुमारे १६९० चे नाटक पुष्कळ अभ्यासक पहिले मराठी नाटक मानतात. आपली पाठ्यपुस्तके मात्र १८४३ मध्ये सांगलीस झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'पासून आरंभ करतात. या दोन तारखांवर बराच वाद झालेला आहे. मला तो वाद वांझ वाटतो. भाव्यांना तंजावर ठाऊक नव्हते. परंपरा अखंड होती असे म्हणता येत नाही. तथापि सांगलीच्या प्रयोगास प्रेरणा मिळाली ती कर्की गावाहून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळातून, म्हणजे दक्षिणेकडील गेय नाटकाच्याच एका शाखेतून. आणि १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, त्यांच्या पदांत कानडी चाली पुष्कळ. तेव्हा मराठी नाटकाचा उगम कोठूनही मोजला तरी पाण्याची चव एकच लागते.

शहाजीची ही नाटके छापील पानावर वाचणाऱ्याची निराशा होते, हे मान्य केले पाहिजे. गणपती येतो, चोपदार येतो, प्रत्येक पात्र प्रवेश करताना आपलेच वर्णन गाते. संघर्ष जवळजवळ नाही. भाषा तमिळ-तेलुगूच्या सहवासाने वाकलेली. 'पल्लकीसेवाप्रबंधम्' हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध तेलुगू गेय नाटक, संगीतशास्त्रज्ञ पी. सांबमूर्ती यांनी १९५५ मध्ये ते ऑपेरा म्हणूनच प्रसिद्ध केले. गौरीच्या सख्या शिवाला पालखीत बसवून तिच्याकडे नेतात, यापलीकडे त्यात कथानक नाही. पण तेच गाऊन पाहावे. 'दरु' हा या नाटकांचा मूळ घटक: पल्लवी, चरणे, पुन्हा पल्लवी. हस्तलिखितांत प्रत्येक दरुच्या माथ्यावर राग आणि ताल नोंदलेले आहेत. शहाजीने रागांच्या लक्षणांचा स्वतंत्र ग्रंथ करविला आणि त्याचा भाऊ तुळजाजी (राज्यकाल १७२८–३६) याने 'संगीतसारामृत' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, यावरून त्या नोंदी शोभेच्या नाहीत हे उघड आहे. ध्रुपद पुन्हापुन्हा येते ते कवीपाशी शब्द संपले म्हणून नव्हे. प्रत्येक आवृत्तीत नर्तिकेचा अभिनय आणि गायिकेचा आलाप बदलणार असतो. अनुवाद करणाऱ्याला हे चटकन कळते. कागदावर तिसऱ्यांदा तीच ओळ लिहिताना हात अडखळतो आणि मग ध्यानात येते, की आपल्यापुढे नाटकाचा अर्धाच देह आहे.

याच शहाजीचे 'पंचभाषाविलास' हे नाटक तर अनुवादकाला हातच जोडावयास लावते. त्यात निरनिराळ्या देशांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात व गातात. तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि जोडीला संस्कृत. हे सारे मराठीत उतरविले तर नाटकच नाहीसे होते. त्याचा विषयच मुळी भाषांच्या ध्वनींतील भेद हा आहे. एका प्रियकरासमोर निरनिराळे नाद एकामागून एक उभे करणे हे त्याचे कथानक. जयरामाचे बारा नारळ येथे रंगमंचावर फुटले, असे म्हणावयास हरकत नाही. ज्या साहित्य-इतिहासांची वाटणी भाषेनुसार झाली आहे, त्यांत अशा कृतीला घरच मिळत नाही. तेलुगू इतिहासकार तिचा तेलुगू भाग पाहतो, मराठी इतिहासकार मराठी भाग, आणि दोघेही तिला दुय्यम ठरवून पुढे जातात.

सरफोजी दुसरा (राज्यकाल १७९८–१८३२) याच्या काळात हा प्रकार आणखी पसरला. त्याच्या संग्रहात पाश्चात्त्य संगीताच्या स्वरलेखनाची पुस्तके होती, दरबारात पाश्चात्त्य बँड होता. 'देवेंद्र कुरवंजी' या त्याच्या मराठी गेय नाटकात भविष्य सांगणारी रानटी जमातीची स्त्री चक्क जगाचा भूगोल गाते. कल्पना थोडी मास्तरी आहे. पण धाडस वाखाणण्यासारखे. त्याहून महत्त्वाची रचना म्हणजे 'कोर्व्याचे साहित्याचे जिन्नस'. यातील एकेक 'निरूपण' म्हणजे एकाच कथासूत्रावर, एकाच रागात व एकाच तालात गुंफलेल्या अठरा रचनांची माळ: जयजय, शरणु, अलारु येथून निघून शब्द, वर्ण, पद, स्वरजति, तिल्लाणा करीत मंगलापर्यंत पोहोचणारी. मराठी शब्द, कर्नाटक संगीत, दासीआट्टमचे नृत्य. आजच्या प्रयोगशीलांनी 'अनेक माध्यमांचा मेळ' म्हणून मिरवावे असे हे शिल्प दोनशे वर्षांपूर्वी मराठी शब्दांवर उभे होते, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला एखाद्या ओळीपेक्षा अधिक जागा मिळत नाही.

आता कर्त्याचा प्रश्न. ग्रंथांच्या माथ्यावर राजांची नावे आहेत. दरबारी पंडितांचा त्यात किती वाटा, याची चर्चा विद्वानांनी केली आहे. ज्यांच्या देहातून आणि कंठातून ही नाटके घडली त्या स्त्रियांची चर्चा मात्र फारशी कोणी केलेली नाही. सरफोजीच्या स्तुतीपर 'सरभेंद्र भूपाल कुरवंजी' हे तमिळ गेय नाटक बृहदीश्वराच्या मंदिरात देवदासी करीत. निरूपणांना रूप आले ते याच स्त्रियांच्या नृत्यात, आणि त्यांना शिकविणाऱ्या नट्टुवनार गुरूंपैकी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु या चार भावांची नावे इतिहासाने जपली. दरुच्या माथ्यावर राग लिहिलेला आहे. तो राग त्या ठिकाणी कसा वळवावयाचा, कोठे थांबावयाचे, कोणत्या शब्दावर भाव टाकावयाचा, हे लिहिलेले नाही, कारण ते गाणारणीला ठाऊक होते. ज्याला आपण संहिता म्हणतो ते खरे पाहता तिच्यासाठी लिहिलेले टिपण आहे.

मराठी रंगभूमीवर या प्रश्नाला वेगळेच वळण लागले. 'शाकुंतला'पासून पुढे जवळजवळ पन्नास वर्षे स्त्रीचा कंठ पुरुषांनीच गायिला. भाऊराव कोल्हटकर आणि बालगंधर्व ही त्याची शिखरे. केवळ स्त्रियांच्या नाटकमंडळ्याही होत्या, पण प्रतिष्ठित समीक्षेने त्यांना फारसे दाराशी उभे केले नाही. १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकरांनी भावंडांसह स्वतःची नाटकमंडळी काढली, तेव्हा गायिकेने मंडळीची मालकीण व्हावे हीच मुळी बातमी होती. बालगंधर्वांच्या गाण्याविषयी अनादर दाखविण्याचा येथे हेतू नाही. पण स्त्रीकंठाचा आदर्शच पुरुषाकडून शिकण्याची पाळी ज्या रंगभूमीवर आली, तिला तंजावरच्या गाणाऱ्या स्त्रियांचा वारसा आपला म्हणून ओळखू आला नाही, यात नवल कसले?

तो वारसा ओळखला बंगळूरच्याच एका गायिकेने. तंजावरच्या चार भावांपैकी चिन्नय्या म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वोडेयराच्या दरबारी गेला आणि तंजावरची नृत्यपद्धती कन्नड प्रदेशात रुजली. त्याच प्रदेशात, नंजनगूडला, १८७८ मध्ये देवदासी कुळात नागरत्नम्मा जन्मली. संस्कृत, कन्नड, तेलुगू शिकली. बंगळूरात गाणे पक्के केले आणि 'बेंगळूर नागरत्नम्मा' याच नावाने मद्रासेत कीर्ती मिळविली. त्यागराजांच्या तिरुवय्यारू येथील समाधीवर तिने स्वतःच्या कमाईतून मंदिर बांधले, आणि आराधनेच्या उत्सवात स्त्रियांना गाऊ देत नाहीत हे पाहून १९२७ मध्ये स्त्रियांचा वेगळा उत्सव उभा केला. संगीतप्रेमी तिला ओळखतात ते यासाठी. वाङ्मयाच्या इतिहासात तिचे स्थान निराळ्या कामाने ठरावे.

तंजावरचा मराठी राजा प्रतापसिंह (राज्यकाल १७३९–६३) याच्या दरबारी मुद्दुपळनी ही गणिका-कवयित्री होती. तिचे 'राधिकासांत्वनमु' हे तेलुगू काव्य राधाकृष्णांच्या शृंगाराचे, स्त्रीच्या इच्छेला पुढे करणारे. म्हणजे बंगळूरात जयरामाने जो विषय हाती घेतला होता, त्याच विषयाला तंजावरात एका स्त्रीने आपले वळण दिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेंकटनरसु यांनी ते छापले. पण काही पद्ये, समाप्तीच्या ओळी आणि प्रास्ताविक भाग गाळून. सुधारक कंदुकूरी वीरेशलिंगम् यांनी ते अश्लील ठरविले. बाईच्या तोंडी असे शब्द शोभत नाहीत, असा त्यांचा रोख. नागरत्नम्मेने हस्तलिखित मिळविले, पाठ ताडून पाहिले आणि १९१० मध्ये वाविळ्ळा या प्रकाशन संस्थेकडून पूर्ण काव्य प्रसिद्ध केले. प्रस्तावनेत तिने स्पष्ट विचारले, की पुरुषांच्या शृंगारकाव्यांना, स्वतः वीरेशलिंगम् यांनी संपादिलेल्या काव्यालाही, लागू न होणारा नियम या एका पुस्तकाला का? इंग्रज सरकारने पुस्तकावर बंदी घातली. ती उठली टी. प्रकाशम् मद्रास इलाख्याचे मुख्यमंत्री असताना, म्हणजे स्वातंत्र्याच्या तोंडावर. विद्यापीठीय पाठसंशोधनाच्या कोणत्याही मापाने हे काम लहान नाही. ते केले गाऊन पोट भरणाऱ्या बाईने, आणि ते तिलाच का सुचले याचे उत्तर तिने स्वतःच दिले आहे: ग्रंथकर्ती स्त्री होती आणि आपल्याच समाजातली होती.

वेंकटनरसु यांनी गाळलेले प्रास्ताविक तिने जागेवर आणून ठेवले. जुन्या काव्यात कवी आपला वंश सांगतो तो याच जागी. मुद्दुपळनी तेथे आपल्या आजीचे, तंजनायकीचे, नाव घेते आणि विद्वानांनी आपल्याला ग्रंथ अर्पण केले हेही सांगते. आधीच्या छापील प्रतीत काव्य होते; कर्तीचे कूळ आणि तिचा मान नव्हता.